तेलाचा हात

कांद्याच्या चाळीत कांदा नसला तर ती चाळ कसली, असं केरूला गेली चार वर्षं वाटत होतं. पण बोलायची सोय नव्हती, कारण चाळीत आता त्याच्या बायकोची कंपनी भरत होती. हा 'कंपनी' शब्द वस्तीवरच्या लोकांनी थट्टेनं लावलेला. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रबराच्या कारखान्यातून पोती यायची. आठ बाया गोणपाटावर बसून रबराच्या रिंगांच्या कडेला उरलेली फालतू झालर ब्लेडनं कापायच्या, रिंगांना पांढरी पावडर लावायच्या, शंभर-शंभराच्या पिशव्या बांधायच्या. मग केरू ती पोती मोपेडवर घालून कंपनीच्या गेटावर नेऊन द्यायचा. थट्टा करणाऱ्यांच्या बायकाही त्या आठांत होत्याच, त्यामुळं थट्टा फार दिवस टिकली नाही.

केरूच्या बायकोनं, चतुराबाईनं, हे काम खटपट करून मिळवलं होतं. गेटाबाहेर तीन दिवस बसून. गेटाच्या आत मात्र ती आजवर गेली नव्हती आणि आतलं कोणी वस्तीवर आलं नव्हतं. पहिल्या वेळी खरेदीचे जुने साहेब तिला म्हणाले होते, "घरी कसं कापता ते मला सांगू नका. माल बरोबर पाहिजे, वेळेवर पाहिजे." तिला ते बरंच वाटलं होतं. आपल्या चाळीत आपला कारभार.

म्हणून गौरी बोळवल्यानंतरच्या सोमवारी सकाळी कंपनीचा टेम्पोच वस्तीच्या रस्त्यानं चिखल उडवत आला, तेव्हा चतुराबाई हातातला झाडू टाकून बाहेर आली. न बोलावता दारात आलेली गाडी चांगलं काही आणत नाही, एवढं तिला वयानं शिकवलं होतं.

टेम्पोतून मोतीराम उतरला. मोतीराम स्टोअरमधला माणूस, शिपायाच्या थोडा वर आणि साहेबाच्या बराच खाली. त्यानं नऊ पोती चाळीपुढं उतरवून घेतली. प्रत्येक पोत्याला तारेनं लाल चिठ्ठी बांधलेली होती.

"हा तर आपलाच माल," चतुराबाई म्हणाली. "मागच्याच महिन्यात पोचवलाय."

"तोच. फुगला."

"म्हंजी?"

"रिंगा फुगल्या, मावशी. केसाएवढ्याच, पण खाचंत बसत नाय. ज्यांना माल जातो त्या पार्टीनं सगळं परत मारलं." मोतीरामनं खिशातून लोखंडाच्या चार-पाच सारख्या, बोटभर खुंट्या काढल्या. "हे माप. जी रिंग खुंटीवर घट्ट बसंल ती चांगली, जी ढिली फिरंल ती खराब. दोन ढीग करायचे. गुरुवारी सकाळी गाडी येईल."

"आमचं काय चुकलं?"

"तुमचं कशाला चुकंल? तुम्ही नुसती झालर कापता. रबरातच खोट हाय म्हणत्यात." मग त्याचा आवाज खाली आला, कारण चाळीच्या कोपऱ्यातल्या खांबाशी रंगूबाई बसली होती. "रबर मिसळायला सोमा असतो ना मशीनवर. त्याला शनवारी घरी बसवलं."

आवाज खाली आणून काही उपयोग नव्हता. रंगूबाईला डोळ्यांनी कमी दिसायचं, कान तिखट होते. आणि सोमा तिचा मुलगा.

"माझ्या सोमानं काय केलं रं, मोतीराम?" तिनं बसल्या जागेवरून विचारलं.

"चौकशी चालू हाय, आक्का."

"चौकशी झाल्याव घरी बसवायचा का आधी?"

मोतीराम टेम्पोत चढला. जाताना चतुराबाईला एवढंच म्हणाला, "मावशी, तुम्ही या भानगडीत पडू नका. पलीकडच्या गावात असंच काम घेणाऱ्या एका बाईनं कापताना चूक झाली म्हणून आपणहून सांगितलं, त्याच दिवशी तिचं काम गेलं. विचारलं तेवढंच बोलायचं."

त्या दिवशी नवी पोती नव्हती, म्हणून चतुराबाईनं बायांना दुपारनंतर बोलावलं आणि स्वतःच पहिलं पोतं फोडलं. कंपनी त्या रिंगेला कसल्याशा लांबलचक नंबरानं ओळखायची. चाळीत तिचं नाव 'जोडवं' होतं, कारण ती पायाच्या बोटात बसेल एवढीच होती. त्याहून जाड रिंगेला बाया 'चुंबळ' म्हणत. जोडवं कुठं बसतं, कशात फिरतं, हे आठांपैकी एकीलाही माहीत नव्हतं. कुसाबाईचा अंदाज होता की पाण्याच्या मोटारीत, लताबाई म्हणायची गॅसच्या शेगडीत.

पहिल्या पिशवीतलं जोडवं खुंटीवर घातलं, ते गरागरा फिरलं. दुसरं फिरलं. तिसरं फिरलं. अख्खी पिशवी ढिली. दुसरी पिशवीही तशीच. हाताला रिंग मऊ लागत होती, रात्रभर भिजलेल्या हरभऱ्यासारखी. चौथ्या पिशवीची गाठ सोडताना तिचं बोट अडखळलं, कारण गाठ उलटी होती. रंगूबाई डावखुरी. तिची गाठ साऱ्या चाळीत वेगळी ओळखू यायची.

रंगूबाईच्या पिशवीतलं पहिलं जोडवं खुंटीवर घट्ट बसलं. दुसरं बसलं. दहा बसली, वीस बसली. चतुराबाईनं ती पिशवी बाजूला ठेवून पोत्यात हात घातला आणि उलट्या गाठीची आणखी एक पिशवी शोधून काढली. तीही घट्ट. मग दुसऱ्या पोत्यातली एक. तीही.

रबर एकच. मशीन एकच. सोमाच्याच हातून आलेला माल. मग एका बाईच्या पिशव्या तेवढ्या चांगल्या कशा राहतील? चतुराबाईची नजर खांबाच्या फळीवर गेली. फळीवर जर्मनची वाटी होती आणि वाटीत गोडेतेल होतं.



वाटी तिथं कशी आली, ते तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? नागपंचमीच्या दिवशी कापायचं-चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. त्या दिवशी चाळीत ब्लेड चाललं नाही. कंपनीला मात्र माल ठरल्या वेळेला हवा होता, तिकडं पंचमी नसते. मग दुसऱ्या दिवशी आठी बायांनी दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकलं. हात असे काळे झाले की राखेनं घासून, साबणानं घासून, विटेच्या तुकड्यानं घासूनही रेघांतला काळा रंग निघेना. त्याच हातांनी तिच्या सुनेनं, रूपालीनं, भाकरी थापली. नेमका त्या दिवशी रूपालीचा भाऊ माहेराहून आलेला. ताटातल्या भाकरीवर काळी चार बोटं उठलेली. पोरगा भला, त्यानं फक्त ती बाजू मोडून ताटाच्या कडेला ठेवली. रूपाली त्या दिवशी रडली, जेवली नाही.

चतुराबाईला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी ती घरून तेलाची वाटी घेऊन आली आणि बायांना म्हणाली, "अळू चिरताना हाताला तेल लावतो का नाय आपण? तसं लावा. काळा धरणारच नाय." आणि खरंच धरला नाही. हात धुतले की स्वच्छ. ब्लेडही सरसर चालायला लागलं. रिंगेला लागलेलं तेल फडक्यानं पुसून वर पावडर मारली की कोणाला कळायचंही नाही. आठ दिवस बाया तिचं कौतुक करत होत्या. एकट्या रंगूबाईनं तेल लावलं नाही. तिचे हात थरथरायचे, तेलानं ब्लेड निसटून अंगठ्याला लागेल, म्हणून ती आपली चुलीतली राख बोटांना चोळून बसायची. बाकीच्या तिला हसत. चतुराबाईही हसली होती.

तेलानं रबर फुगतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आणि आता तिला कोणी सांगायची गरज उरली नव्हती.

पुढं तिनं जे केलं ते सांगायला बरं वाटत नाही, पण केलं ते केलं. बाया यायच्या आत तिनं उलट्या गाठीच्या सापडतील तेवढ्या पिशव्या काढल्या, सोडल्या आणि त्यांतली जोडवी चांगल्या ढिगात ओतून टाकली. गाठीच नाहीत म्हटल्यावर कोणाची पिशवी कोणती हे कोण सांगणार? दोन पिशव्या मात्र तिच्यानं सोडवल्या नाहीत. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. त्या तिनं घरात नेऊन डाळीच्या डब्यात खुपसल्या. तेलाची वाटीही घरी नेली.

दुपारी बाया आल्या. लताबाईनं सवयीनं फळीकडं हात नेला. "वाटी कुठं गेली गं?"

"तेल बंद आजपासून."

"का?"

"का म्हंजी? घरात फोडणीला पुरंना झालंय."

"बघा बाई, कंपनीची मालकीण तेलाला महाग झाली," कुसाबाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. रंगूबाई हसली नाही. ती खुंटी डोळ्यांजवळ धरून एकेक जोडवं चाचपत होती. आपल्या मुलानं बिघडवलेला माल ती निवडत होती, असंच तिला वाटत होतं.

मंगळवारी सकाळपासून पाऊस धड पडतही नव्हता आणि उघडतही नव्हता. चाळीच्या कुडातून ओली हवा येत होती आणि रबराचा वास जमिनीलगत साचून राहिला होता. अकराच्या सुमाराला सोमा आला. आईची डोळ्यांत घालायची औषधाची बाटली घरी राहिली होती, ती द्यायला. कंपनीत असता तर ह्या वेळी तो मशीनवर असता. तो दारात थोडा घुटमळला, मग बायांना पोती जड जातायत हे पाहून आत आला आणि भरलेली पोती उचलून भिंतीशी लावू लागला. अंगानं आडवा, पस्तिशीचा गडी. पण खाली मान घालून असा वावरत होता की जणू अंगाला जागा कमी पडतेय.

"बस रं जरा," चतुराबाई म्हणाली.

"बसून बसून कंटाळलो, मावशी."

"काय म्हणत्यात साहेब?"

"रबरात मसाला टाकताना चूक झाली म्हणत्यात. मी वजन बघूनच टाकतो. चार वेळा बघतो." त्यानं पोत्यावरची लाल चिठ्ठी उलटीसुलटी केली. "पण आता साहेब म्हणत्यात म्हंजी झाली असंल. कधी कधी झोप व्हत नाय, दोन पाळ्या झाल्या की ध्यान ऱ्हात नाय. मीच चुकलो असंल."

चतुराबाईच्या हातातलं जोडवं खाली पडलं आणि घरंगळत गोणपाटाखाली गेलं. ती ते शोधायच्या निमित्तानं खाली वाकली आणि बराच वेळ वर आली नाही. खोटा आळ आलेला माणूस चिडला, शिव्या देऊ लागला, तर ऐकणाऱ्याला सोसतं. हा आळ स्वतःहून अंगाला लावून घेत होता. तिला त्याच्याकडं बघवेना.

संध्याकाळी दिवेलागणीला तिनं केरूला सगळं सांगितलं. केरू पाटावर बसून पाठ शेकत होता. मोपेडवर पोती वाहून त्याची पाठ कायमची धरली होती. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग शेकायची पिशवी बाजूला ठेवली.

"कुणाला बोललीस?"

"तुम्हालाच."

"मंग बोलू नको."

"आन् सोमा?"

"सोमा ठेक्यावर हाय, ठेकेदार त्याला दुसरीकडं लावंल. गडीमाणूस हाय. चाळ बंद झाली तर या आठ जणी कुठं जातील? निंदायला? निंदायला तरी शेत कुणाचं ऱ्हायलंय, अर्धं वसाहतीत गेलं." तो थांबला. "त्या आठांत रंगूआक्काबी हाय, हे ध्यानात घे. तू बोललीस तर तिचंबी काम जाईल."

हे चतुराबाईच्या ध्यानात होतंच. दोन दिवस ती हेच स्वतःला सांगत होती, आणि नवऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते तिला पहिल्यांदा लबाडीचं वाटलं.

चुलीपाशी रूपाली भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आत्याबाई, त्या दिवशी मी रडले नसते तर तुम्ही तेल काढलंच नसतं."

"तुझा काय संबंध?"

"हाय म्हणूनच म्हणते. नाव सांगायचं झालं तर माझंबी सांगा."

केरूनं सुनेकडं पाहिलं, मग बायकोकडं. मग त्यानं शेकायची पिशवी पुन्हा पाठीला लावली आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

बुधवारी सकाळी चतुराबाईनं डाळीच्या डब्यातून दोन पिशव्या काढल्या, ढिल्या जोडव्यांची एक तिसरी पिशवी घेतली, खुंटी घेतली आणि चांगलं लुगडं नेसली. केरू मोपेड काढूनच उभा होता. "बस," एवढंच म्हणाला.

गेटावर वॉचमननं नेहमीसारखं विचारलं, "माल आणला?"

"माल नाय. मॅडमला भेटायचंय. क्वालिटीच्या."

"शुभांगी मॅडम अशा भेटत नसतात. काय काम?"

"त्यांनाच सांगंल."

वॉचमननं तिला बाजूला उभं राहायला सांगितलं. बाजूला म्हणजे शेडच्या बाहेर, जिथं पन्हाळीचं पाणी पडतं तिथं. तासभर ती तिथं उभी होती. तिच्यासमोरून गाड्या आत गेल्या, बाहेर आल्या. मोतीराम एकदा गेटापर्यंत आला, तिला पाहिलं, तिच्या हातातल्या पिशव्या पाहिल्या आणि काही कळल्यासारखा मागे फिरला. त्यानंच आत सांगितलं असावं, कारण पाच मिनिटांनी डोक्यावर निळी टोपी घातलेली, तिशीही न ओलांडलेली एक मुलगी बाहेर आली. ही शुभांगी. रोज नाशिक रोडहून कंपनीच्या बसनं यायची. चतुराबाईला वाटलं होतं मॅडम म्हणजे वयानं कोणी मोठी असेल.

"बोला मावशी. निवडायचं काम संपलं का?"

चतुराबाई आठवून ठेवलेलं सगळं विसरली. तिनं एक जोडवं काढून खुंटीवर घातलं आणि फिरवून दाखवलं. मग उलटी गाठ शुभांगीसमोर सोडली, दुसरं जोडवं घातलं. ते घट्ट बसलं.

"रबर एकच हाय, मॅडम. ह्या पिशवीच्या बाईनं हाताला तेल लावलं नव्हतं. बाकीच्यांनी लावलं व्हतं. मी लावायला लावलं व्हतं. नागपंचमीपासनं."

शुभांगीनं जोडवं हातात घेतलं. नाकाशी नेलं. दुसरं नेलं. पाऊस टोपीवर पडत होता तरी ती शेडखाली सरकली नाही.

"कुठलं तेल?"

"गोडेतेल. खायचं."

"आणि हे तुम्ही आम्हाला विचारलं नाही?"

"तुम्हीबी सांगितलं नाय," चतुराबाई म्हणाली, आणि आपण काय बोललो ह्याची तिलाच भीती वाटली. पण तोंड उघडलं होतं, आता बंद होईना. "चार वर्षं कापतोय. कुणी आलं नाय बघायला. जुने साहेब म्हणायचे, कसं कापता ते सांगू नका. तेल लावू नका असं कागदावर नाय, तोंडी नाय. आमची चूक हाय, मी नाय म्हणत नाय. सोमाची नाय, हे आधी लिहून घ्या. पण मला एक सांगा, हे जोडवं बसतं कशात?"

शुभांगीनं हातातलं जोडवं उलटंसुलटं केलं. बहुधा हा प्रश्न तिला कोणी केलाच नव्हता.

"ब्रेकमध्ये," ती म्हणाली. "जीप, पिकअप, छोटा टेम्पो. ब्रेक दाबला की तेल ढकललं जातं, ते अडवायला ही रिंग. ते तेल वेगळं असतं. खायच्या तेलानं ही फुगते, मग ब्रेक नीट सुटत नाही, कधी लागतही नाही."

चतुराबाईचा मुलगा महेश सिन्नर ते नाशिक रोड जीप चालवायचा. दिवसाला आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीत मोहदरी घाट. तिच्या डोळ्यांपुढं घाटाचं ते शेवटचं वळण आलं.

"बाहेर पडली का एखादी?" तिनं विचारलं. "गाडीत?"

"नाही. बसवायच्या आधीच अडवलं त्यांनी. सगळा माल आपल्याकडे परत आला."

चतुराबाई तिथंच, पन्हाळीच्या पाण्यात, खाली बसली. शुभांगी वॉचमनला ओरडली की मावशींना आत खुर्ची द्या. चार वर्षांनी चतुराबाई पहिल्यांदा गेटाच्या आत गेली, आणि आत काय आहे ते तिला काहीच दिसलं नाही.

"पुढं काय ते माझ्या हातात नाही," निघताना शुभांगी म्हणाली. "वर सांगावं लागेल. काम दुसऱ्याला द्या म्हणतील, बहुतेक. मी बोलून बघते. तुम्ही आलात हे मात्र मी लिहिणार."

गुरुवारी टेम्पो आला आणि दोन्ही ढीग घेऊन गेला. नवी पोती दिली नाहीत. शुक्रवारी आली नाहीत, शनिवारी आली नाहीत. सोमवारी सोमाला परत मशीनवर घेतल्याची बातमी आली, पोती आली नाहीत. बाया रोज सकाळी चाळीशी येऊन उभ्या राहायच्या आणि चतुराबाईचं तोंड पाहून परत जायच्या. तिला कोणी दोष दिला नाही. लताबाई एकदा म्हणाली, "सांगायचंच व्हतं तर जरा दमानं सांगायचंस," तेवढंच. रंगूबाई मात्र बुधवारपासून चाळीकडं फिरकली नव्हती. चतुराबाई दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आली.

नवव्या दिवशी वस्तीच्या फाट्यावर शेअर जीप थांबली आणि शुभांगी उतरली. हातात जड पिशवी, पायांत चिखल. एकटीच. ती सरळ चाळीत आली, चप्पल काढली आणि गोणपाटावर बसली.

"मला कापून दाखवा," ती म्हणाली. "नको, मलाच कापू द्या."

रूपालीनं बायांना हाका मारून आणलं. शुभांगीनं ब्लेडला चिंधी गुंडाळून झालर कापायला घेतली. पंधरा रिंगा होईतो तिला घाम फुटला आणि दोन्ही हात मनगटापर्यंत काळे झाले. कुसाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. मग शुभांगी हात धुवायला गेली, दोनदा साबण लावला, परत आली. रूपालीनं आग्रह करून ताट वाढलं. शुभांगीनं भाकरी मोडली आणि तुकड्यावर उठलेली स्वतःची बोटं बघत राहिली.

"हे रोजचं?" तिनं विचारलं.

"रोजचं," रूपाली म्हणाली.

शुभांगीनं तो तुकडा खाल्ला. जेवण झाल्यावर तिनं पिशवीतून लोखंडाचा एक डबा काढला. जीपचा ब्रेक होता, करवतीनं उभा कापलेला, आतली खाच उघडी. तिनं एक जोडवं खाचेत बसवलं. बाया गुडघ्यांवर पुढं सरकल्या. हातात देता देता डबा आठी हातांतून फिरला. आठवा हात रंगूबाईचा होता. ती कधी येऊन खांबाशी बसली, कोणाला कळलंच नव्हतं.

"हा इथंच राहील," शुभांगी म्हणाली. "वरचे साहेब तीन महिने बघू म्हणालेत. त्यानंतर ठरवतील. काळा काढायचा साबण आणि पातळ हातमोजे आम्ही देऊ. हाताला काहीही लावायचं झालं, तेल असो, राख असो, आधी मला फोन करायचा. आणि आमच्याकडे काही बदललं तर मी इथं येऊन सांगेन. तुम्हाला काय हवंय ते सांगा, लिहून घेते."

चतुराबाई म्हणाली, "पंचमीला कापणार नाय. ते आधीच धरून चाला."

शुभांगीनं लिहून घेतलं. मग तीन पोती उद्या सकाळी, असं सांगून ती फाट्याकडं निघाली. बाया तिच्याबरोबर बोलत बोलत वळणापर्यंत गेल्या. लताबाईचं हसणं वळणावरून ऐकू येत होतं. नऊ दिवसांत चतुराबाईला पहिल्यांदा पोटभर श्वास आला.

चाळीत ती आणि रंगूबाई दोघीच उरल्या.

रंगूबाई कापलेला ब्रेक मांडीवर घेऊन त्याच्या खाचेतून बोट फिरवत होती. "माझ्या पिशव्या चांगल्या निघाल्या म्हणं," ती म्हणाली. "सोमा सांगत व्हता. त्यावरनंच कळलं म्हणं."

"व्हय, आक्का."

"मी निवडत बसले व्हते दोन दिवस. एकबी उलटी गाठ हाताला लागली नाय माझ्या."

बाहेर कोंबड्या ओल्या मातीत उकरत होत्या.

"कधी कळलं तुला, चतुरे?"

'बुधवारी सकाळी' असं म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? कंपनीला हे कोणी विचारलं नव्हतं, सोमाही विचारणार नव्हता. गेटावर तासभर पावसात उभं राहणं सोपं होतं, असं चतुराबाईला ह्या क्षणी वाटलं.

"सोमवारी," ती म्हणाली. "पोती आली त्याच दिवशी. तू इथंच बसली व्हतीस."

रंगूबाईनं बोटांवर दिवस मोजले. सोमवार, मंगळवार, बुधवार. मंगळवारावर तिचं बोट थांबलं. मंगळवारी सोमा इथं येऊन पोती उचलत होता.

"कंपनीनं तुला सांगितलं नाय, हे तू मॅडमला तोंडावर सुनावलंस," ती म्हणाली. "बरं केलंस. आन् मला कुणी सांगायचं व्हतं?"

तिनं ब्रेक खाली ठेवला आणि खांबाला धरून उठली. चतुराबाई हात द्यायला पुढं झाली, पण रंगूबाईनं तो घेतला नाही. दाराशी जाऊन ती थांबली.

"उद्या येईन मी," ती पाठमोरीच म्हणाली. "काम हाय म्हणून येईन."

मग ती बांधाच्या कडेनं सावकाश घराकडं गेली. चतुराबाईनं उद्यासाठी गोणपाटं झटकली आणि आठ अंथरली. आठवं खांबाशी टाकलं, उचललं, पुन्हा तिथंच टाकलं.